पंख्याने रस्त्याला चिकटणाऱ्या दोन गाड्या

जून १९७८. स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पच्या ट्रॅकवर ब्रॅबम संघाच्या दोन फॉर्म्युला वन गाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या पार्श्वभागी चक्क कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावून ठेवलेलं होतं. झाकणामागे काय आहे हे फार काळ लपणार नव्हतंच. चालकाने जागच्या जागी ॲक्सिलरेटर दाबला की गाडी बसल्याजागी खाली दबायची. चाकं फिरत नाहीत, वारा लागत नाही, तरी गाडी जमिनीकडे ओढली जातेय, हे शेजारच्या संघांचे मेकॅनिक उघड्या डोळ्यांनी पाहत होते.

झाकणामागे एक पंखा होता. गाडीच्या पोटाखालची हवा उपसून मागे फेकणारा. ही कल्पना शर्यतीच्या जगात नीट राबवली गेली ती दोनदाच: १९७० मध्ये अमेरिकेतल्या शॅपरल २जे या गाडीत आणि १९७८ मध्ये ब्रॅबम बीटी४६बी मध्ये. दोन्ही वेळा ती चालली आणि दोन्ही वेळा नियमांनी तिला बाहेर काढलं. ‘पंख्याची गाडी’ म्हटलं की सगळ्यांचं लक्ष पंख्याकडे जातं, पण पंखा हा यातला सोपा भाग आहे. खरी मेख आहे ती गाडीच्या कडेने खाली सोडलेल्या झालरीत.

आधी हवेचा हिशेब

आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो भरतं. म्हणजे एका चौरस मीटरवर दहा टन. गाडीच्या पोटाचं क्षेत्रफळ तीन चौरस मीटर धरलं, तर वरून तीस टन दाबतायत. गाडी चेपत नाही, कारण खालूनही तेवढाच दाब वर ढकलतोय. आता खालचा दाब फक्त तीन टक्क्यांनी कमी करा. तीस टनांचे तीन टक्के म्हणजे नऊशे किलो. गाडीवर नऊशे किलोचं ओझं ठेवल्यासारखा जोर मिळाला आणि गाडीच्या वजनात एका किलोचीही भर पडली नाही.

बाथरूमच्या टाइलला चिकटवायचा रबरी हुक याच तत्त्वावर टिकतो, आणि पकड सोडतो तीही याच तत्त्वावर: कडेला जराशी फट पडली की खाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन टक्के म्हणजे फार मोठी ओढ नाही. नळीच्या तोंडावर हात ठेवला तर घरातला व्हॅक्यूम क्लीनर याच्या कितीतरी पट जास्त ओढतो. फरक क्षेत्रफळाचा आहे. थोडी ओढ, पण ती भल्यामोठ्या पृष्ठावर.

ओझं न वाढवता जोर मिळाला तर काय होतं? टायरची पकड त्याच्यावर किती जोर दाबतोय यावर ठरते. गाडीला वळणातून बाहेर फेकू पाहणारी ओढ मात्र गाडीच्या वस्तुमानावर ठरते. ८०० किलोची गाडी आणि १.२ घर्षणांकाचे टायर घेऊ. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ही गाडी ताशी ८७ किलोमीटरपर्यंत टिकते, त्यापुढे घसरते. त्याच गाडीला पंख्याने ९०० किलोचा जोर दिला तर मर्यादा ताशी सुमारे १२७ वर जाते. प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं, कारण टायरवर जोर वाढवत नेला की त्याचा घर्षणांक हळूहळू घटतो. पण जिथे शर्यती दशांश सेकंदांनी जिंकल्या-हरल्या जातात, तिथे एका वळणात ताशी तीस-चाळीस किलोमीटरचा फायदा म्हणजे दुसऱ्याच वर्गातली गाडी झाली.

हाच जोर गाडीवरचे पंख, म्हणजे विंग, सुद्धा देतात. पण विंगचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २०० ला मिळणारा जोर १०० ला चौथाईवर येतो आणि ५० ला सोळाव्या भागावर. त्यामुळे जिथे वळण सगळ्यात घट्ट आणि वेग सगळ्यात कमी, तिथे विंग जवळजवळ रिकामटेकडी. शिवाय सरळ रस्त्यावर ती वाऱ्याला अडते, वेग खाते. पंख्याला या दोन्ही अडचणी नाहीत. तो गाडी उभी असतानाही ओढतो.

१९७०: तोफगाडीचे पंखे, बर्फगाडीचं इंजिन

टेक्ससचे जिम हॉल हे विंगच्या बाबतीत अमेरिकेतले अग्रणी. १९६६ च्या शॅपरल २ई वर त्यांनी उंच खांबांवर विंग बसवली होती आणि पायातल्या एका पेडलने तिचा कोन बदलता येत असे. पण १९६९ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये अशा उंच विंग तुटून अपघात झाले आणि हलणाऱ्या वायुगतिक उपकरणांवर बंदी आली. हॉल ज्यात उतरत त्या अमेरिका-कॅनडातल्या कॅन-ॲम शर्यत मालिकेतही तेच धोरण आलं. हॉल यांच्या हातातलं मुख्य हत्यार गेलं. मग त्यांनी जनरल मोटर्सच्या संशोधकांच्या साथीने २जे उभी केली.

कॅन-ॲममध्ये तेव्हा नियम अगदी मोजके होते, इंजिनाच्या आकाराला मर्यादा नव्हती. २जे मध्ये ४६५ घन इंचांचं, म्हणजे साधारण ७.६ लिटरचं, ॲल्युमिनियमचं शेव्हरोले व्ही-८ होतं. हे चाकं फिरवायला. पंख्यांसाठी वेगळं इंजिन: बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, साधारण ४५ अश्वशक्तीचं. त्यावर मागच्या बाजूला शेजारी शेजारी बसवलेले १७ इंची दोन पंखे. हे पंखे मुळात एम-१०९ या साखळपट्ट्यांवर धावणाऱ्या तोफगाडीचे होते. गाडीचा आकार सरळ पेटीसारखा. देखणेपणाच्या नावाने शून्य, पण तिला देखणं असण्याची गरजच नव्हती.

वेगळं इंजिन ठेवण्यामागे पक्कं कारण आहे. मुख्य इंजिनाचे फेरे गिअर बदलताना, ब्रेक मारताना सतत वरखाली होतात. नेमकं वळणात शिरताना, जिथे पकड सगळ्यात जास्त हवी, तिथे चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघालेला असतो. पंखा त्याच इंजिनाला जोडला तर गरजेच्या क्षणी ओढ कमी होणार. स्वतंत्र इंजिन एकसारखं फिरत राहतं, चालकाला त्याचा विचारच करावा लागत नाही. बदल्यात बिघडू शकणारं आणखी एक इंजिन गाडीत येतं. २जे ला हा सौदा शेवटी महाग पडला.

एका सेंटीमीटरची किंमत

आता झालर. शर्यतीच्या भाषेत हिला ‘स्कर्ट’ म्हणतात. गाडीच्या कडेने रस्त्यापर्यंत सोडलेली पट्टी, जेणेकरून बाहेरची हवा आत घुसू नये. ती रस्त्याला पूर्ण टेकवली तर घासून काही फेऱ्यांत संपेल. वर ठेवली तर फटीतून हवा आत येईल. किती?

आत दाब तीन टक्के कमी असेल तर फटीतून हवा ताशी साधारण २५० किलोमीटरच्या वेगाने आत घुसते. गाडी उभी असली तरी एवढीच. झालरीची एकूण लांबी आठ मीटर आणि फट एक सेंटीमीटर धरा. सेकंदाला सुमारे साडेतीन घनमीटर हवा आत येणार आणि ती सतत उपसत राहायची तर साठ टक्के कार्यक्षमतेच्या पंख्याला सुमारे २३ अश्वशक्ती लागतील. फट अडीच सेंटीमीटर झाली तर तोच आकडा ५७ वर जातो. स्नोमोबाइलचं ४५ अश्वशक्तीचं इंजिन तिथेच हात टेकतं.

म्हणजे गाडीची सगळी जादू एक-दीड सेंटीमीटरमध्ये अडकलेली. आणि शर्यतीची गाडी तर सतत हलते. ब्रेक मारला की नाक खाली जातं, शेपटी उठते. वळणात ती बाहेरच्या बाजूला कलते. झालर बॉडीला घट्ट ठोकली असेल तर ब्रेक मारताना पुढची झालर रस्त्यावर खरवडणार आणि मागे वीतभर नाही तरी चांगली बोटभर फट पडणार. त्यात आणखी एक भर: पंखा सुरू झाला की गाडी स्वतःच खाली ओढली जाते, स्प्रिंग दबतात आणि बॉडीची उंची बदलते.

हॉल यांच्या गाडीतलं खरं कौशल्य इथे आहे. त्यांनी झालर बॉडीला न बांधता तारा आणि पुल्या वापरून चाकांच्या सस्पेन्शनशी जोडली. चाक रस्त्याबरोबर चालतं. झालर चाकाबरोबर चालली की तीही रस्त्याबरोबर चालणार. बॉडी वर काय वाटेल ते डोलू दे. झालरीसाठी सामान निवडलं लेक्सान, म्हणजे पॉलिकार्बोनेट. काचेसारखं कडक, पण आपटलं तर तडकून तुकडे न होणारं. माझ्या मते २जे मधली सगळ्यात हुशार गोष्ट पंखे नव्हेत, या तारा आहेत. छायाचित्रांत मात्र पंखेच दिसतात, त्याला काय करणार.

जुलै १९७० मध्ये वॉटकिन्स ग्लेनला जॅकी स्ट्यूअर्ट यांनी ती पहिल्यांदा शर्यतीत उतरवली. सुरुवातीच्या रांगेत तिसरं स्थान, शर्यतीतली सर्वात वेगवान फेरी, आणि मग तापलेल्या ब्रेकमुळे माघार. पुढच्या शर्यतींत चालक होते व्हिक एल्फर्ड. रोड अटलांटा, लगुना सेका, रिव्हरसाइड, तिन्हीकडे त्यांनी सुरुवातीच्या रांगेत पहिलं स्थान पटकावलं. रिव्हरसाइडला तर मॅकलॅरनच्या डेनी हल्मपेक्षा दोन सेकंदांहून जास्त फरकाने. शर्यतींचे निकाल वेगळंच सांगतात. रोड अटलांटाला सहावी. लगुना सेकाला सरावातच मुख्य इंजिन फुटलं, गाडी सुरूही होऊ शकली नाही. रिव्हरसाइडला पंख्यांचं इंजिन काही फेऱ्यांत बसलं. पंखे थांबले की २जे म्हणजे विंग नसलेली एक जड पेटी, एवढंच उरतं.

एकही शर्यत न जिंकता ती बंद झाली. मॅकलॅरनसह इतर संघांनी आक्षेप घेतला की पंखा फिरतो, झालर सरकते, म्हणजे ही हलणारी वायुगतिक उपकरणंच. शिवाय मागच्या गाडीच्या तोंडावर धूळ-खडे उडतात. आधी मंजूर झालेली गाडी पुढच्या हंगामासाठी नामंजूर झाली. ज्या नियमाने हॉल यांची विंग घेतली होती, त्यानेच पंखाही घेतला.

१९७८: ‘हा पंखा तर रेडिएटरचा आहे’

आठ वर्षांनी ब्रॅबमच्या गाड्यांचे रचनाकार गॉर्डन मरी त्याच जागी पोचले, पण वेगळ्या वाटेने. त्या वर्षी लोटस ७९ ने सगळ्यांना मागे टाकलं होतं. तिच्या दोन्ही बाजूंना पोटाखाली बोगदे होते: तोंड अरुंद होत गेलेलं, मागे रुंद होत गेलेले. त्यातून जाणारी हवा अरुंद जागी वेग घेते, वेग वाढला की दाब घटतो आणि गाडी खाली ओढली जाते. पंखा नाही, काही नाही. फक्त आकार.

मरींना हे करता येत नव्हतं, कारण त्यांच्या गाडीत अल्फा रोमिओचं आडवं बारा सिलिंडरचं इंजिन होतं. सहा सिलिंडर डावीकडे पसरलेले, सहा उजवीकडे. बोगदे जिथून मागे न्यायचे नेमकं तिथेच इंजिनाचं धड. लोटसचं कॉसवर्थ व्ही-८ अरुंद आणि उभट, त्यामुळे तिथे जागाच जागा. (अल्फाने पुढच्या वर्षासाठी व्ही-१२ बनवून दिलं, पण चालू हंगामाला त्याचा काय उपयोग?)

त्याच गाडीला आणखी एक जुनं दुखणं होतं. मूळ बीटी४६ मध्ये मरींनी नेहमीचे रेडिएटर काढून बॉडीवर सपाट बसणाऱ्या पन्हाळीदार पत्र्यांनी इंजिन थंड करायचा प्रयत्न केला होता. ते पत्रे उष्णता पुरेशी टाकेनात, शेवटी नाकात रेडिएटर बसवावे लागले. म्हणजे इंजिन थंड ठेवण्याची अडचण खरोखरच होती, ती बहाणा म्हणून शोधलेली नव्हती.

मग बीटी४६बी. इंजिनाच्या वर एक रेडिएटर आडवा ठेवला. इंजिनाची सगळी खोली चारी बाजूंनी बंद केली, खाली रस्त्यापर्यंत सरकत्या झालरी. मागे एक मोठा पंखा. तो खोलीतली हवा उपसतो. बाहेरची हवा वरून रेडिएटरमधून आत येते आणि त्याला थंड करते. खालून, झालरींच्या फटीतून, जी काही येते ती येते. खोलीतला दाब घटतो, गाडी दबते.

नियमाचा अर्थ असा लावला गेला होता की एखादा हलता भाग मुख्यतः वायुगतिक कामासाठी असेल तर तो बेकायदा. मरींचं म्हणणं: पंख्यातून जाणाऱ्या हवेचा निम्म्याहून जास्त भाग रेडिएटरमधून येतो, म्हणून मुख्य काम थंड करण्याचं. यातली गंमत लक्षात घ्या. झालर जितकी चांगली बसेल तितकी खालून कमी हवा येणार, म्हणजे रेडिएटरमधून येणाऱ्या हवेचा वाटा आपोआप वाढणार. गाडी जितकी जास्त रस्त्याला चिकटेल, तितका कागदावर तिचा पंखा अधिक ‘थंड करणारा’ ठरणार!

बनवताना तीन ठिकाणी घाम निघाला. पहिलं, खोली बंद करणं: चाकांकडे जाणारे ड्राइव्हशाफ्ट आणि सस्पेन्शनचे दांडे त्याच भिंतींतून बाहेर पडतात, आणि ते वरखाली हलतात. त्यांच्याभोवती लवचिक सील लागतात. दुसरं, पंख्याची पाती: सुरुवातीची प्लास्टिकची पाती ताण सोसेनात, चाचणीत मोडली, मग मॅग्नेशियमची बसवली. तिसरं, पंख्याला ताकद कुठून द्यायची. वेगळं इंजिन इथे शक्य नव्हतं, म्हणून गिअरबॉक्समधून शाफ्ट काढून पंखा फिरवला, मध्ये क्लचची मालिका टाकली. फिरत्या पंख्याला जडत्व असतं. चालकाने गिअर बदलला की इंजिनाचे फेरे क्षणात पडतात किंवा चढतात, पंखा मात्र तसा बदलायला तयार नसतो. मध्ये सुटसुटीत घसरणारं काही नसेल तर तो झटका दातेरी चाकांवर येतो.

पंखा इंजिनाला बांधला म्हणजे हॉल यांनी टाळलेली अडचण परत आली: इंजिनाचे फेरे उतरले की ओढही उतरणार. ब्रॅबमचे चालक निकी लाउडा आणि जॉन वॉटसन यांना त्यामुळे सवय उलटी करावी लागली. वळणात मागचा भाग सुटतोय असं वाटलं की हात-पाय आखडता घेणं ही चालकाची उपजत बुद्धी. इथे उलट वळणातही फेरे चढे ठेवायचे, कारण पाय उचलला की पकडही गेली.

अँडरस्टॉर्पच्या पात्रता फेरीत दोघांना इंधनाच्या टाक्या भरून पाठवलं, खरा वेग कळू नये म्हणून. तरी मारिओ आंद्रेत्तीच्या लोटसमागे वॉटसन दुसरे आणि लाउडा तिसरे. शर्यतीत वॉटसन लवकर बाद झाले. पुढे एका गाडीने ट्रॅकवर तेल सांडलं. इतर जण त्यावर सांभाळून जात होते आणि लाउडा जवळजवळ काही झालंच नाही असे जात होते. ओल्या किंवा तेलकट रस्त्यावर घर्षणांक कमी होतो, पण पंख्याचा जोर तितकाच राहतो, हे त्यामागचं कारण. आंद्रेत्ती मागे पडले, मग त्यांचं इंजिन गेलं. लाउडा जिंकले ते रिकार्दो पात्रेसेच्या पुढे ३४ सेकंदांहून जास्त अंतराने.

निकाल कायम राहिला. पण त्या एका शर्यतीनंतर ब्रॅबमने गाडी मागे घेतली. संघाचे मालक बर्नी एक्लस्टन त्याच वेळी सगळ्या संघांच्या संघटनेचे पुढारी होते. आपल्याच एका गाडीपायी ती संघटना फुटणं त्यांना परवडणारं नव्हतं. क्रीडा आयोगाने लगोलग पंख्यांवर बंदी घातली. पुढच्या शर्यतीला साधी बीटी४६ उतरली.

बंदीबद्दल अनेक जण हळहळतात. निव्वळ तंत्राच्या दृष्टीने मलाही वाटतं की बीटी४६बी अजून चार शर्यती धावायला हवी होती. पण रबरी हुक आठवा. वर काढलेल्या उदाहरणातली गाडी ताशी १२७ ने वळतेय, आणि कडेच्या उंचवट्यावर चढून झालर उचलली गेली. ओढ त्याच क्षणी जवळजवळ नाहीशी होते आणि ज्या वळणावर गाडीची मर्यादा आता ८७ आहे, तिथे ती १२७ ने आहे. चालकाला काही करायला वेळच नसतो. लोटसच्या धर्तीच्या बोगद्यांनाही सरकत्या झालरी लागत आणि तिथेही हाच धोका होता. १९८१ ला सरकत्या झालरी गेल्या, १९८३ पासून गाड्यांचं पोट सपाट करायला लावलं.

वीज आल्यावर

मरींनी पुढे स्वतःच्या कंपनीची टी.५० ही रस्त्यावरची गाडी केली, तिच्या मागे ४०० मिलिमीटरचा पंखा आहे. पण ती वेगळी जात आहे, तिला झालर नाही. मागच्या बाजूला वर उचलत गेलेल्या पोटाला हवा चिकटून राहात नाही, सुटते. ती सुटू पाहणारी थकलेली हवा हा पंखा ओढून घेतो, एवढंच त्याचं काम.

२जे ची खरी वारस आहे ब्रिटनमधली मॅकमर्ट्री स्पिअर्लिंग. विजेच्या मोटरने १९७० आणि १९७८ ची दोन्ही दुखणी एकदम मिटवली: पंख्याला स्वतंत्र मोटर, म्हणून चाकांच्या फेऱ्यांशी संबंध नाही, आणि ती मोटर स्नोमोबाइलच्या टू-स्ट्रोकसारखी ऐनवेळी बसत नाही. पंखे मिनिटाला २३,००० फेऱ्यांपर्यंत फिरतात आणि गाडी उभी असतानाही २००० किलोचा जोर देतात. जून २०२२ मध्ये मॅक्स चिल्टन यांनी इंग्लंडमधल्या गुडवुडच्या चढणीच्या शर्यतीतली चढाई तिच्यातून ३९.०८ सेकंदांत केली, आधीचा विक्रम मोडून. २०२५ मध्ये कंपनीने तिला एका फिरत्या मचाणावर चढवलं, मचाण पूर्ण उलटं केलं आणि गाडी छताला पालीसारखी लटकत थोडी पुढेही चालवून दाखवली. गाडीचं वजन साधारण १००० किलो. ओढीतले १००० किलो ते वजन पेलण्यात जातात, उरलेले १००० किलो टायर छतावर दाबून धरतात.